कोपराची घडी

माझं काम वास घेण्याचं. आमच्या कारखान्यात स्वयंपाकात घालायची पानं वाळवून, कापून, चाळून पुड्यांत भरतात. पुदिना, थाइम, रोजमेरी, पार्सली, शेपू. ड्रायरमधून निघालेल्या प्रत्येक लॉटचे तीन नमुने माझ्या टेबलावर येतात, एक पोत्याच्या तोंडाचा, एक मधला आणि एक बुडाचा. ते झाकणाच्या पांढऱ्या वाट्यांत ठेवलेले असतात. मी झाकण उचलते, तीन आखूड श्वास घेते, झाकण ठेवते आणि कार्डावर शिक्का मारून सही करते. कारखान्यात मला नाकवाली म्हणतात. माझ्याआधी त्या खुर्चीवर माझा दादा होता, त्याला नाकसाहेब म्हणायचे. पुरुष असला की साहेब आणि बाई असली की वाली, हे तिथलं जुनं शास्त्र आहे. त्यावर चिडून चिडून माझा चिडायचा कोटा संपला.

एका वाटीनंतर दुसरी लगेच उघडायची नसते. पहिला वास नाकात घर करून बसतो आणि पुढच्या सगळ्या वाट्या सारख्याच वाटायला लागतात. म्हणून मध्ये बाही वर करून स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक खुपसायचं आणि एक लांब श्वास घ्यायचा. दादाने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. "आपल्या अंगाचा वास म्हणजे पुसलेली पाटी," तो म्हणाला होता. नवीन माणसं हसतात. त्यांना वाटतं, बाई बाहीला नाक पुसतेय.

गेले अकरा महिने मला कसलाच वास येत नाही.

ते मला दुधामुळे कळलं. मी गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शेजारीण दार बडवायला लागली, "अहो, घर पेटलंय की काय?" स्वयंपाकघरात गेले तर धूर, भांडं काळंठिक्कर. मी त्या धुरात उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकाला काही पत्ताच नव्हता. शेजारणीला म्हटलं, सर्दी झालीय. मग आठवडाभर मीही तेच धरून चालले, वाफारा घेतला, लसूण ठेचून हुंगला, फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. महिन्याभराने वाफारा बंद केला.

तेव्हा मी रडायला हवं होतं. पण मला काही वाटलंच नाही, खरंच सांगते. भांडं घासून काढलं, घासलं तरी डाग राहिला, म्हणून दुसरं आणलं. कुणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकटी राहते, त्यामुळे घरात विचारणारंही कुणी नव्हतं.

न बोलण्यामागे नोकरी होतीच, पण खरं कारण दादा होता.

दादाला पार्किन्सन आहे. पाच वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप नाचायला लागला, तेव्हा वहिनी आणि मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी हाताकडे बघितलं, चालायला लावलं, आणि मग हाताशी काही संबंध नाही असे प्रश्न विचारायला लागले.

"पोट साफ होतं का?"

वहिनी हसली. "ह्यांच्या घराण्यात कुणाचंच होत नाही, डॉक्टर." ते खरंच होतं. बद्धकोष्ठ आमच्याकडे आडनावासारखं आहे, सगळ्यांना मिळतं. माझंही तसंच.

"आणि वास? वास कधीपासून येत नाही?"

आम्हाला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकतंय. अहो, हे नाकसाहेब! पण दादा खाली बघत म्हणाला, "पाच वर्षं झाली असतील."

दादाला निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी खुर्चीत बसल्या बसल्या हिशोब केला. म्हणजे शेवटची दोन वर्षं तो त्या टेबलावर नाकाशिवाय बसला होता. त्या दोन वर्षांत मी निवडायच्या टेबलावर होते आणि प्रत्येक लॉटला तो मला हाक मारायचा. "इकडे ये गं. बघ, तुझं काय मत?" मी झाकण उचलायची, मत द्यायची. तो गंभीरपणे मान डोलवायचा आणि शिक्का मारायचा. माझी मान किती ताठ झाली होती तेव्हा! घरी येऊन आरशात बघायची. मला वाटायचं, दादा मला तयार करतोय.

डॉक्टर पुढे सांगत होते की हा आजार नेमका कुठून सुरू होतो ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. काही जणांमध्ये नाक आणि पोट आधी कुरकुर करतात, हात फार उशिरा. वास जाणाऱ्या सगळ्यांनाच हा आजार असतो असं मुळीच नाही, हेही ते म्हणाले. वहिनी लिहून घेत होती. घरी येताना मी दादाशी त्या दोन वर्षांबद्दल बोलले नाही आणि तोही बोलला नाही. आमच्या घरात ताकाला तूर लागू न देण्याची कला पोटासारखीच वंशपरंपरेने येते.

त्यामुळे काळं भांडं घासताना मला सगळं आधीच माहीत होतं. एक नाक. एक पोट. आता फक्त हाताची वाट बघायची. मी रोज सकाळी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बघायची. मग कामाला जायची.

कामावर मी काय केलं, ते सांगायला हवं. वजनकाट्यावर एक बाई आहे. चाळिशी ओलांडलेली, तोंड अखंड चालू, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला असा स्वभाव. तिचा काटा माझ्या टेबलापासून चार पावलांवर. मी तिला हाक मारायला लागले.

"इकडे ये गं. बघ, तुझं काय मत?"

पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा आवाजसुद्धा दादासारखाच आला. रेडिओ पदराला हात पुसत आली, वाटीत नाक घातलं आणि म्हणाली, "मस्त आहे की!" मी गंभीरपणे मान डोलवली. शिक्का मारला. दुसऱ्या महिन्यापासून ती मन लावून हुंगायला लागली. "ह्याला जरा गवतासारखा येतोय, नाही का?" मी म्हणायची, "बरोबर." ती खूश होऊन काट्यावर परत जायची आणि पुढचा तासभर सगळ्यांना सांगायची. तिचं मत कधीच चुकलं नाही.

इकडे वहिनीने दादाचं पोट मनावर घेतलं होतं. पोटाचा आणि मेंदूचा संबंध आहे, पोटातले चांगले जंतू जगवायला हवेत, हे तिने फोनवर कुठेकुठे वाचलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "अभ्यास चालू आहेत. खात्रीने काही सांगता येणार नाही. पानांचा काढा दिलात तर नुकसान नाही, फक्त गोळीच्या वेळा सांभाळा." वहिनीने त्यातलं 'नुकसान नाही' तेवढं ऐकलं. तेव्हापासून रोज सकाळी गोळीनंतर अर्ध्या तासाने दादाला पुदिना आणि थाइमचं उकळलेलं पाणी मिळायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी पोट साफ होईल त्या दिवशी हिरवी खूण. चांगल्या महिन्यात सात-आठ खुणा व्हायच्या. मी गेले की ती आधी कॅलेंडर दाखवायची, मग चहा विचारायची.

पानं अर्थात मी न्यायची. कारखान्यात दर महिन्याला प्रत्येकाला पास झालेल्या लॉटमधली एक पुडी मिळते. वहिनीला दुकानातली चालायची नाही. "तुझ्या नाकाखालून गेलेलीच हवीत," ती म्हणायची.

गेल्या आठवड्यात रेडिओची दाढ सुजली आणि ती दोन दिवस रजेवर गेली. नेमका दुसऱ्या दिवशी पुदिन्याचा मोठा लॉट टेबलावर आला, चाळीस पोती. मी पानं बघितली. रंग ठीक, थोडी काळपट पण पुदिना वाळल्यावर काळपटतोच. चिमटीत चुरडली, कुरकुरीत होती. ओलावा मोजायच्या मीटरचा आकडा ठीक होता. शिफ्टसाहेब दारात उभे राहून म्हणाले, "झालं का? मागे रोजमेरी तुंबलीय." रेडिओ येईपर्यंत थांबा, असं त्यांना काय सांगणार? मी तीनही वाट्यांची झाकणं उचलली, श्वास घेतले, ठेवली. शिक्का मारला, पास. खाली सही.

मीटर ओलावा मोजतो. एकदा भिजून कुबटलेली पानं कुणी गुपचूप पुन्हा वाळवली असतील तर त्याचा आकडा चांगलाच येतो. त्यासाठीच तर त्या खुर्चीवर माणूस बसवलेलं असतं. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.

ह्या महिन्याची माझी पुडी त्याच लॉटची होती. थाइमची पुडी रेडिओने मला दिली, तिच्या घरी कुणी खात नाही. शनिवारी दोन्ही घेऊन दादाकडे गेले. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. त्याचा चेहरा आता हलत नाही. आजाराचाच भाग आहे तो. हसला तरी कळत नाही, रागावला तरी कळत नाही. डोळे मात्र सगळीकडे फिरतात.

वहिनीने बरण्या पुढे केल्या. आमचा तो कार्यक्रमच असतो, मी पुडी फोडायची, हुंगायची, पसंती द्यायची आणि मग बरणीत ओतायची. मी पुदिना फोडला, तीन श्वास घेतले, म्हटलं, "उत्तम." थाइम फोडला, तीन श्वास, "हाही छान." वहिनीने पुदिन्याच्या बरणीवर वाकून नाक सुरकुतवलं.

"जरा वेगळा नाही का गं वाटत ह्या वेळी?"

"जात वेगळी आहे," मी म्हणाले. थाप मारताना माझा आवाज जराही हलला नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

"तू म्हणतेस म्हणजे असेल. आम्हाला काय कळतंय." तिने झाकण लावलं.

दादा माझ्याकडे बघत होता. मी चहा पिऊन निघाले.

बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला, आनंदाने नुसती उतू जात होती. "अगं, चमत्कार! कालपासून चार वेळा! कॅलेंडरवर एका चौकोनात चार खुणा केल्यात मी!" मी म्हटलं, "वा." तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. गुरुवारी दुपारी पुन्हा फोन आला तेव्हा ती रडत होती. दादाच्या पोटातलं पाणी थांबत नव्हतं. गोळ्या पोटात टिकत नव्हत्या, त्यामुळे अंग लाकडासारखं कडक झालं होतं. तो संडासात बसला आणि उठताच येईना. वहिनी ओढत राहिली. शेवटी शेजारचे दोघे आले, दार बिजागरीपासून काढलं आणि त्याला चादरीत उचलून इस्पितळात नेलं.

मी पोहोचले तेव्हा सलाइन लागलं होतं. दादा छताकडे बघत पडला होता, ओठ सुकून चिरलेले. वॉर्डातल्या डॉक्टर तरुण होत्या, चटपटीत. "चार दिवसांत नवीन काय खाल्लंय?"

"बाहेरचं काही नाही हो," वहिनी म्हणाली. "पुदिन्याचं पाणी तेवढं. ते तर पोटासाठीच." आणि तिने पिशवीतून बरणी काढली. ती बरणी इस्पितळात घेऊन आली होती. चार दिवस तरी ह्यांचं पाणी चुकायला नको, म्हणून.

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि लगेच मान मागे घेतली. "अहो, हे खराब झालंय. केवढा कुबट वास येतोय! ह्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण हे टाकून द्या."

वहिनी माझ्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. "पण ही... हिने बघितलाय. हिने पास केलाय. मला शनिवारीच जरा तसा वाटला होता, पण म्हटलं, हिने पास केलाय म्हणजे आपलंच नाक चुकत असणार."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरून दादाचा आवाज आला, बारीक, एका सुरातला, आता असतो तसा.

"मी ओला चमचा घातला बरणीत. दोनदा."

"तुम्ही?" वहिनी म्हणाली. "तुम्ही कशाला गेलात बरणीला हात लावायला? तुम्हाला धड उभं राहता येतं का?"

"घातला," दादा म्हणाला.

वहिनी त्याला ओरडली, मग रडली, मग डॉक्टरांच्या मागे औषधाची चिठ्ठी घ्यायला गेली. मी स्टुलावर बसले. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा झोपेत काहीतरी मोजत होता.

"लॉट कुठाय?" दादाने विचारलं.

"गोडाऊनमध्ये."

"किती?"

"चाळीस पोती."

"कधी जातोय?"

"उद्या सकाळी गाडी लागेल."

तो डोळे मिटून पडला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "तू कोपर हुंगलं नाहीस."

"काय?"

"शनिवारी. पुदिना झाला, लगेच थाइम उघडलास. मध्ये बाही वर केली नाहीस." एक वाक्य बोलायला त्याला दोन श्वास लागत होते. "माझंही तसंच झालं होतं. सगळ्या खाणाखुणा सांभाळल्या. झाकण, श्वास, मान हलवायची. कोपर राहून जायचं. पुसायला काही नसतंच ना पाटीवर."

माझे हात मांडीवर होते. मी ते एकमेकांत घट्ट धरले.

"मग प्यायलास कशाला?" मी म्हणाले. "शनिवारी कळलं होतं तुला. चार दिवस प्यायलास. मला विचारायचंस ना!"

"पुदिना वाईट आहे हे मला कुठे कळणार होतं? तुझं नाक गेलंय, एवढंच कळलं. आणि विचारलं असतं तर..." तो थांबला. "तर आधी माझं सांगावं लागलं असतं. ती दोन वर्षं. मी तुला शिकवत नव्हतो गं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्या डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हापासून."

दादाचा चेहरा हलला नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी निघालं आणि कानात गेलं. त्याला ते पुसता येत नव्हतं, म्हणून मी माझ्या बाहीने पुसलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं आणि ते चांगलं नव्हतं. मला भयंकर भीती वाटली. त्या खाटेवर मी आहे, छताकडे बघतेय आणि माझ्या कानातलं पाणी पुसायला कुणीच नाही, असं दिसलं मला. आणि दादाचा रागही आला, एवढा आला की स्टूल सरकवून उठावंसं वाटलं. त्याने तेव्हा सांगितलं असतं तर मीही आता सांगितलं असतं, असं मनात आलं. ते खरं नाही. मी तरीही लपवलंच असतं. चोर मी होते आणि चांदणं त्याच्या मनात शोधत होते.

"त्या मोठ्या डॉक्टरांना दाखव," दादा म्हणाला. "मी पाच वर्षं घालवली. कदाचित तुझं साधंच काहीतरी असेल."

"कदाचित."

"आणि इथे काय बसलीस? गाडी उद्या लागणार ना?"

मी कारखान्यात पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. गाडी उद्याची आजच आली होती. गोडाऊनच्या दारात मागची फळी उघडून उभी होती आणि निम्मी पोती चढली होती. शिफ्टसाहेब हातात कागद घेऊन पोती मोजत होते.

"थांबवा," मी म्हणाले. "तो लॉट खराब आहे."

"कुठला? पुदिना?" त्यांनी कागद उलटला. "अहो, हा तर पास आहे. तुमचाच शिक्का. ही बघा सही."

"माझीच आहे. मला वास येत नाही. अकरा महिने झाले."

ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "सर्दी असेल हो. एवढं काय मनाला लावून घेता? तुमचं नाक म्हणजे..."

"माझं नाक गेलंय, साहेब. पोती उतरवा."

हमाल थांबून ऐकत होते. शिफ्टसाहेबांनी कपाळ पुसलं. त्यांनाही काय करावं ते कळेना, कारण कारखान्यात ह्या कामासाठी मी होते आणि मी तर हे असं बोलत होते. शेवटी मीच म्हटलं, "काट्यावरच्या बाईंना बोलवा."

रेडिओ आली. गालावर अजून थोडी सूज होती. मी गाडीतलं एक पोतं फोडलं, पार बुडात हात घालून मूठभर पानं काढली आणि वाटीत टाकून तिच्यापुढे धरली. ह्या वेळी काही म्हटलं नाही. तिने नाक नेलं आणि झटकन मागे सरली.

"शी! कुबटलाय की! ओल्या पोतेऱ्यासारखा येतोय." तिने शिफ्टसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा कुणी पास केला?"

शिफ्टसाहेबांनी पोती उतरवायला सांगितली. मला म्हणाले, उद्या सकाळी ऑफिसात या, आणि नजर चुकवून आत गेले. त्या खुर्चीवर माझं काही उरलेलं नव्हतं. खराब पुदिना आणखी कुणाच्या घरी जाणार नव्हता, तेवढं झालं होतं. मी टेबलाशी जाऊन शिक्का खणात ठेवला, कार्डं नीट लावली. रेडिओ मागोमाग आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती.

"अकरा महिने?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे मला बोलवायचीस ते..." तिचं तोंड जरा वाकडं झालं. "मला वाटायचं, तू मला शिकवतेयस. घरी सांगितलं मी तसं. नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना सांगितलं."

मला तो आरसा आठवला. तिच्या घरीही एक असणार. खोटं बोलणं सोपं होतं, हो गं, शिकवतच होते, असं म्हटलं असतं तर तिने लगेच विश्वास ठेवला असता.

"नाही," मी म्हणाले. "शिकवत नव्हते. तुझं नाक वापरत होते. माफ कर मला."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. जाईल असं वाटलं. गेली नाही.

"पण एकदाही चुकले नाही मी," ती म्हणाली.

"एकदाही नाही."

त्या दिवशी आलेल्या रोजमेरीच्या वाट्या टेबलावर तशाच होत्या. मी खुर्चीतून उठले आणि तिला बसवलं. ती एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसली.

"आता शिकवते," मी म्हणाले. "झाकण उचल. तीन आखूड श्वास. ठेव. आता दुसरी नाही उघडायची. बाही वर कर आणि कोपराच्या घडीत नाक घालून एक लांब श्वास घे."

"कोपरात?"

"कोपरात."

तिने बाही वर केली. माझ्याकडे संशयाने बघत कोपर नाकाशी नेलं आणि श्वास घेतला. मग डोकं वर केलं.

"ह्याला तर कसलाच वास नाही."

"येतोय," मी म्हणाले. "तो तुझा वास आहे. असतो तोपर्यंत कळत नाही."

तिने पुन्हा कोपर हुंगलं, ह्या वेळी जरा जास्त वेळ. मग दुसऱ्या वाटीचं झाकण उचललं.